प्रिंटिंग मशीनला फिकट रंग कळतच नाही: छपाई नेमकी चालते कशी

प्रिंटिंग मशीनकडे फिकट गुलाबी शाई नसते. राखाडीही नसते. वरून गडद आणि खाली पांढुरकं होत जाणारं आकाश छापायला वेगवेगळ्या निळ्या शायांचे डबे तर नसतातच. मशीनला प्रत्येक जागी एकच गोष्ट ठरवता येते, शाई लावायची की नाही लावायची, बस. आणि तरी मासिकाच्या पानावर गालावरची सावली, धुकं, पाण्यातलं प्रतिबिंब सगळं व्यवस्थित उमटतं. हे कसं होतं ते एकदा डोक्यात बसलं ना की सीएमवायके (छपाईच्या चार शाया), ३०० डीपीआय (इंचाला ३०० बिंदू), ब्लीड, स्क्रीनवर एक रंग आणि कागदावर दुसरा, या सगळ्या भानगडी बऱ्याचशा आपोआप सुटायला लागतात. नवीन शिकणाऱ्यांना हे नियम म्हणून पाठ करायला लावतात आणि परीक्षा झाली की ते विसरले जातात, म्हणून इथे नियम कमी आणि कारणं जास्त सांगतो.

आधी मुळातला प्रश्न. हवी तिथेच शाई लागली पाहिजे आणि बाकी कागद कोरा राहिला पाहिजे, हे कसं जमवायचं? छपाईच्या जेवढ्या पद्धती आहेत ती सगळी या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

सगळ्यात जुनं उत्तर म्हणजे उंचवटा. छापायचं ते वर ठेवायचं, बाकीचं कोरून खाली घालवायचं, वरच्या भागाला शाई फासायची आणि कागद दाबायचा. रबरी शिक्का हेच करतो. सुटी अक्षरं जुळवून छापायची कल्पना चीनमध्ये अकराव्या शतकात मातीच्या अक्षरांनी आणि नंतर कोरियात धातूच्या अक्षरांनी आलेली होती, आणि १४५५ च्या सुमारास जर्मनीतल्या माइन्झमध्ये गुटेनबर्गचं बायबल छापून झालं तेही याच उंचवट्याच्या तत्त्वावर, त्याचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, शिसं, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणातून ओतलेले होते. जुळवा, छापा, सोडवा, परत वापरा.

हीच पद्धत आज फ्लेक्सो म्हणून जिवंत आहे, फक्त धातूच्या जागी लवचिक फोटोपॉलिमरची (उजेडाने घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकची) प्लेट आली आणि घट्ट शाईच्या जागी पातळ, पटकन वाळणारी. प्लॅस्टिकच्या पिशव्या, लेबलं, पुठ्ठ्याची खोकी यातला खूप मोठा भाग फ्लेक्सोवर होतो. यात शाई मोजून द्यायचं काम अ‍ॅनिलॉक्स नावाचा रोलर करतो, त्याच्या अंगावर हजारो बारीक खळगे असतात, जास्तीची शाई पात्याने पुसली जाते आणि खळग्यात मावेल तेवढीच प्लेटला मिळते. एक गमतीचा भाग असा की सपाट बनवलेली प्लेट गोल सिलेंडरवर गुंडाळली की ती ताणली जाते, त्यामुळे डिझाइन आधीच त्या दिशेने थोडं आखूड करून द्यावं लागतं, नाहीतर गोल लोगो छापल्यावर लंबगोल होतो.

दुसरं उत्तर बरोबर उलटं: खोलगट भागात शाई. याला ग्रॅव्ह्युअर म्हणतात. तांब्याचा मुलामा असलेल्या सिलेंडरवर हिऱ्याच्या टोकाने किंवा लेझरने लाखो सूक्ष्म खळगे पाडतात, वरून क्रोमचा कडक थर देतात, सिलेंडर शाईत फिरवतात, पृष्ठभाग पात्याने स्वच्छ पुसतात आणि खळग्यात उरलेली शाई कागद ओढून घेतो. इथे खळगा कमी-जास्त खोल करता येतो, म्हणजे शाईचा थर पातळ-जाड करता येतो, म्हणजेच सुरुवातीला मी जे ठासून सांगितलं की मशीनला फिकट कळत नाही, त्याला ग्रॅव्ह्युअर हा थोडा अपवाद आहे. सिलेंडर बनवणं महागडं आणि वेळखाऊ, पण एकदा बनला की छापतच राहतो, त्यामुळे प्रचंड संख्येच्या कामांनाच ही पद्धत परवडते. फर्निचरच्या लॅमिनेटवर जे लाकडाचे रेषे दिसतात ना, ते बऱ्याचदा ग्रॅव्ह्युअरने कागदावर छापलेले असतात.

तिसरं उत्तर आरपार जाण्याचं. ताणून बसवलेली जाळी, नको तिथे तिची भोकं बुजवायची, वर शाई ओतून रबरी पट्टीने ओढायची. हे स्क्रीन प्रिंटिंग. शाईचा थर इथे सगळ्यात जाड बसतो म्हणून कापड, काच, बाटल्या, गडद रंगावर पांढरं, असल्या कामांना हीच पद्धत लागते. सोलर सेलवर ज्या चांदीच्या बारीक रेघा दिसतात त्यासुद्धा स्क्रीन प्रिंटिंगनेच काढतात.

आणि चौथं उत्तर मला सगळ्यात डोकेबाज वाटतं, कारण त्यात उंचवटा नाही, खळगा नाही, भोकही नाही. छापायचा भाग आणि कोरा भाग एकाच पातळीवर!

१७९६ मध्ये बव्हेरियात अलोइस सेनेफेल्डर नावाचा एक नाटककार आपली नाटकं स्वस्तात छापता येतील का या खटपटीत होता. त्याच्या लक्षात आलं की विशिष्ट जातीच्या चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने लिहिलं आणि दगड ओला केला, तर पाणी फक्त कोऱ्या भागावर बसतं, तेलकट भाग पाणी झटकतो. आता वरून तेलकट शाईचा रोलर फिरवला तर ओला भाग शाई घेत नाही आणि तेलकट अक्षरं घेतात. कोरणं नाही, ओतणं नाही, नुसती रसायनाची करामत. हीच शिळाछपाई म्हणजे लिथोग्राफी, आणि आजचं ऑफसेट तिचाच वंश.

ऑफसेटमध्ये दगडाच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची पातळ प्लेट असते. तिचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत करून पाणी धरणारा केलेला असतो, आणि जिथे मजकूर किंवा चित्र आहे तिथे शाईला जवळ करणारा थर उरतो. मशीन फिरताना आधी पाण्याचे रोलर, मग शाईचे रोलर. प्लेट थेट कागदाला लागत नाही, ती रबरी ब्लँकेटवर ठसा देते आणि ब्लँकेट कागदावर. ही मधली पायरी पत्र्याच्या डब्यांवर छापण्यासाठी १८७५ मध्येच इंग्लंडमध्ये वापरात आली होती, पण कागदासाठी तिचा फायदा लक्षात आला तो १९०४ च्या सुमारास अमेरिकेत. आयरा रुबेल नावाच्या छापखानेवाल्याच्या मशीनमध्ये कधीकधी कागद जायचा राहून जायचा, ठसा खालच्या रबरावर उमटायचा आणि पुढच्या कागदाच्या पाठीवर तो रबरावरचा ठसा उमटून यायचा, आणि हा चुकून आलेला ठसा मुद्दाम छापलेल्यापेक्षा स्वच्छ दिसायचा. कारण सरळ आहे, रबर मऊ असतं, ते कागदाच्या बारीक उंचसखलपणात नीट बसतं, कडक प्लेट बसत नाही. शिवाय प्लेट कमी झिजते आणि कागदावर पाणीही कमी जातं.

बरं, तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत हे शाळेतलं वाक्य इथे अर्धंच खरं आहे. चालत्या मशीनवर थोडं पाणी शाईत बारीक थेंबांच्या रूपात मिसळतंच, आणि ते थोडं मिसळावंच लागतं, तरच छपाई स्थिर राहते. पाणी जास्त झालं की रंग विटका पडतो, कमी झालं की कोऱ्या जागेवर शाईचा मळकट पडदा यायला लागतो. मशीन चालवणाऱ्याचं निम्मं कसब या तोलात असतं आणि कंप्युटर कितीही मदतीला आले तरी पहिले कागद निघाले की माणूस अजूनही वाकून शीटच्या कडेची रंगांची पट्टी बघतोच, कारण कागदावर जो शाईचा थर बसतो तो असतो साधारण १ मायक्रॉन, मिलीमीटरचा हजारावा भाग. एवढ्या पातळ थरात थोडा फरक पडला तरी चेहऱ्याचा रंग बदलतो.

आता मूळ कोड्याकडे, फिकट रंग येतो कुठून. उत्तर आहे ठिपके. चित्राची बारीक चौकटींमध्ये विभागणी करायची, गडद जागी मोठा ठिपका, फिकट जागी लहान, शाई सगळीकडे तीच आणि तेवढीच गडद. नेहमीच्या अंतरावरून डोळ्याला ठिपके सुटे दिसत नाहीत, त्यांची आणि मधल्या कोऱ्या कागदाची सरासरी दिसते, आणि मेंदू तिला राखाडी किंवा गुलाबी समजतो. याला हाफटोन म्हणतात. १८८० च्या दशकात ही युक्ती व्यवहारात आली, त्याआधी मासिकात फोटो छापायचा तर कारागीर तो बघून लाकडावर कोरून काढायचा.

ठिपके किती बारीक ते इंचात ठिपक्यांच्या किती ओळी बसतात यावर मोजतात. वर्तमानपत्रात साधारण ८५ ते १००, मासिकात १३३ ते १५०, उत्तम आर्ट पेपरवर १७५ किंवा त्याच्याही वर. १५० घेतलं तर एका चौरस इंचात एका रंगाचे २२,५०० ठिपके होतात, चार रंगांचे ९०,०००. आणि हे ठिपके प्लेटवर काढणारा लेझर आणखी बारीक बिंदूंनी काम करतो, समजा इंचाला २४००. म्हणजे हाफटोनच्या एका चौकटीच्या वाट्याला १६ गुणिले १६, म्हणजे २५६ बिंदू आले, त्यातले किती भरायचे त्यावर ठिपक्याचा आकार ठरतो. रंगछटांच्या गप्पांमध्ये २५६ हा आकडा सारखा डोकावतो, तो इथे असा जुळून येतो.

३०० डीपीआयचं रहस्यसुद्धा इथेच आहे. १५० ओळींच्या ठिपक्यांच्या जाळीला त्याच्या साधारण दुप्पट माहिती दिली की ठिपके नीट घडतात, १५० दुणे ३००, संपलं. लोक मात्र तो मंत्र असल्यासारखा जपतात. वर्तमानपत्राला २०० सुद्धा चालून जातं, आणि रस्त्यावरच्या मोठ्या फलकाला त्याहून कितीतरी कमी, कारण तो कोणी हातात धरून वाचत नाही. उलट ८०० पिक्सेल रुंदीचा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो सॉफ्टवेअरमध्ये आकडा बदलून ३०० केला तरी तो कागदावर २.७ इंचापर्यंतच धड दिसणार, आकडा बदलल्याने त्यात नसलेले तपशील येत नाहीत. कितीही समजावून सांगा, हा प्रकार रोज होतोच.

रंगांकडे येऊ. स्क्रीन उजेड फेकते, लाल, हिरवा, निळा. कागद स्वतः काही फेकत नाही, तो खोलीतला पांढरा उजेड परत पाठवतो, आणि शाई त्या उजेडातला एक वाटा खाते. सायन (आकाशी निळा) लाल खातो, मजेंटा (गडद गुलाबी) हिरवा खातो, पिवळा निळा खातो. छपाईच्या या शाया पारदर्शक असतात, रंगीत काचा एकावर एक ठेवल्यासारख्या, म्हणून सायनवर पिवळा पडला की लालही गेला आणि निळाही गेला, उरला हिरवा. या हिशोबाने तिन्ही शाया एकत्र आल्या की काळा यायला हवा, पण प्रत्यक्षात येतो चिखलाचा तपकिरी, कारण खऱ्या शाया पुस्तकातल्यासारख्या शुद्ध वागत नाहीत, सायन थोडा हिरवाही खातो, मजेंटा थोडा निळाही. म्हणून चौथी शाई, काळी.

काळ्या शाईचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बारीक अक्षरं तीन-चार रंगांचे थर देऊन छापली आणि कागद मशीनमध्ये मिलीमीटरच्या दहाव्या भागाने जरी सरकला, तरी प्रत्येक अक्षराला रंगीत झालर येते आणि वाचताना डोळे दुखतात. त्यामुळे मजकूर नेहमी नुसत्या काळ्यात ठेवायचा. मोठ्या काळ्या पट्ट्याला मात्र नुसता काळा राखाडीसर दिसतो, तिथे खाली थोडा सायन वगैरे देतात. पण चारही रंग शंभर शंभर टक्के (म्हणजे पूर्ण जागा भरून), एकूण ४००, असलं काही करायचं नाही. गुळगुळीत कोटेड कागद साधारण ३०० टक्क्यांपर्यंत झेपवतो, न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा कागद, २४० च्या आसपासच, त्यापुढे शाई वाळत नाही आणि गठ्ठ्यात वरच्या शीटच्या पाठीला लागून बसते.

ठिपक्यांच्या चार जाळ्या एकमेकींवर टाकायच्या म्हटल्यावर अजून एक पेच येतो. जाळ्या जवळपास एकाच कोनात पडल्या की मोठे लाटांसारखे पट्टे दिसायला लागतात, त्यांना मॉयरे म्हणतात. दोन जाळ्यांमध्ये ३० अंशांचं अंतर ठेवलं की हा त्रास जवळजवळ जातो. पण चौकोनी जाळी ९० अंश फिरवली की ती परत तशीच दिसते, म्हणजे आपल्याकडे जागा ९० अंशांचीच, त्यात ३० च्या अंतराने तीनच रंग बसतात. सायन १५, काळा ४५, मजेंटा ७५. काळ्याला ४५ का, तर तिरक्या ओळी डोळ्याला सगळ्यात कमी टोचतात आणि काळा हा सगळ्यात ठळक रंग. बिचाऱ्या पिवळ्याला उरलेली जागा, ० अंश, शेजाऱ्यांपासून १५ अंशांवर. त्याची लाट येतेच, पण पिवळा इतका फिका की कोणाला दिसत नाही.

हे सगळं बघायचं असेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि मासिकातल्या फोटोवर डोळा लावा. राखाडी जागेत ठिपक्यांची छोटी छोटी फुलं दिसतील, त्यांना रोझेट म्हणतात. कुठे ठिपके एकाच आकाराचे आणि विस्कळीत पसरलेले दिसले तर ती ठिपक्यांची दुसऱ्या जातीची मांडणी, इंकजेट प्रिंटर बहुतेक असंच काम करतो. मग अक्षराच्या कडेकडे बघा. कड स्वच्छ आणि एकसारखी असेल तर बहुधा ऑफसेट. कडेला शाई दाबून सरकल्यासारखी गडद किनार असेल तर फ्लेक्सो किंवा जुनी खिळ्यांची छपाई. कड करवतीच्या दातांसारखी असेल तर ग्रॅव्ह्युअर, कारण तिथे अक्षरंसुद्धा खळग्यांचीच बनतात. आणि आजूबाजूला भुकटीचे भरकटलेले कण दिसले तर टोनर, म्हणजे लेझर प्रिंटर. सवय झाली की हातात आलेलं प्रत्येक पाकीट उलटंपालटं करून बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

ठिपका मात्र जेवढा पाठवला तेवढा उमटत नाही. दाबाने शाई पसरते, कागद ती शोषतो, शिवाय उजेड कागदाच्या आत शिरून इकडेतिकडे पसरतो आणि ठिपक्याखाली अडकतो, म्हणून ठिपका आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. फाइलमधला ५० टक्क्यांचा (म्हणजे निम्मी चौकट भरणारा) ठिपका कोटेड कागदावर ६५ च्या आसपास दिसतो, न्यूजप्रिंटवर ७५ च्या जवळ. याला डॉट गेन म्हणतात. एकच फोटो मासिकात छान आणि वर्तमानपत्रात काळवंडलेला दिसतो त्याचं कारण हेच. याची भरपाई आधीच करायची असते, आणि कलर प्रोफाइल म्हणून जी फाइल असते ती थोडक्यात हेच सांगते की या कागदावर, या शाईने, कुठला आकडा कसा दिसेल. चुकीची प्रोफाइल लावून पाठवलं आणि वर छापखान्याशी भांडलं तर दोष कोणाचा ते तुम्हीच ठरवा.

काही रंग मात्र चार शायांतून निघतच नाहीत. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा, भडक नारिंगी, विजेसारखा निळा, कागदावर मंदावतात, प्रोफाइल कितीही बरोबर असो. तिथे तयार मिसळलेली पाचवी शाई घेतात, स्पॉट कलर. पँटोनची क्रमांक दिलेल्या रंगांची पद्धत १९६३ मध्ये आली ती यासाठीच, की रंगाचा नंबर सांगितला की जगाच्या दुसऱ्या टोकालाही तोच रंग मिसळता यावा.

डिजिटलबद्दल थोडक्यात. १९३८ मध्ये अमेरिकेत चेस्टर कार्लसनने स्थिर विजेने भुकटी चिकटवून पहिली प्रत काढली, झेरॉक्स आणि लेझर प्रिंटर त्याचीच पिलावळ. इंकजेट थेट थेंब फेकतो, आणि तो थेंब काही पिकोलिटरचा असतो, १ पिकोलिटर म्हणजे लिटरचा लाख कोटीवा भाग. दोन्हींत प्लेट नाही, त्यामुळे प्रत्येक प्रत वेगळी छापता येते आणि पन्नास प्रती काढायला कोणी ऑफसेट मशीन लावत नाही. ऑफसेटला प्लेट बनवणं, रंग जुळवणं, तोवर वाया जाणारे कागद, हा खर्च पहिली चांगली प्रत निघायच्या आधीच होतो, पुढची प्रत मात्र जवळपास कागद आणि शाईच्या खर्चात पडते. डिजिटलला पहिली प्रत आणि हजारावी प्रत सारखीच महाग. दोन्हींच्या खर्चाच्या रेषा कुठे छेदतात ते कामागणिक बदलतं, तेवढा हिशोब करूनच पद्धत निवडायची.

छापून झालं तरी कापणं आणि घडी घालणं उरतंच, आणि नवखे लोक गटांगळ्या खातात ते इथे. कापायचं यंत्र गठ्ठा कापतं, त्यात कागद केसभर सरकतोच, म्हणून कडेपर्यंत जाणारा रंग कडेच्या बाहेर ३ मिलीमीटर वाढवून ठेवायचा, हाच तो ब्लीड. आणि पुस्तक पानापानाने छापत नाहीत. मोठ्या शीटवर एका बाजूला ८ आणि पाठीवर ८ अशी १६ पानं छापतात, घड्या घालतात, तो झाला एक फर्मा. पान १ च्या शेजारी १६ येतं, २ च्या शेजारी १५, प्रत्येक जोडीची बेरीज १७. डोक्यात गोंधळ झाला तर एक कोरा कागद घ्या, तीनदा घडी घाला, पानांना नंबर टाका आणि उलगडून बघा, कुठलं पान कुठे आणि कुठलं उलटं पडलंय ते लगेच कळतं. घडी घालताना कागदाच्या तंतूंची दिशा पण बघायची. कागद बनताना तंतू बहुतेक एकाच दिशेने पडतात, त्या दिशेने घडी सहज आणि स्वच्छ बसते, आडव्या दिशेने मोडली की जाड कागदाला भेगा जातात आणि शाई सुटून पांढरी रेघ दिसते. म्हणून मुखपृष्ठाचा कागद कापून घेतानाच सांगायचं, तंतू कण्याला समांतर ठेवा, छापून झाल्यावर सांगून काही उपयोग नसतो.